काळी चार

लोको क्लबच्या फळ्यावर नोटीस लागली तो त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरातला पहिला सोमवार होता. 'नवीन टेबल-टेनिस टेबलासाठी जागा करणे आहे. सबब खालील निरुपयोगी सामान पुढील सोमवारी लिलावाकरता हलवण्यात येईल.' खाली यादी. मोडक्या खुर्च्या, नग अकरा. गंजलेले पिंप, नग एक. पियानो, नग एक. सही, महिपती घोडके, सेक्रेटरी.

बसव्वानं यादी वाचली आणि सरळ आत जाऊन रमीच्या टेबलापाशी उभी राहिली.

"घोडकेसाहेब, पियानो निरुपयोगी आहे हे कुणी ठरवलं?"

महिपतीनं पानांवरून नजर उचलली नाही. "समितीनं."

"समितीत कोण कोण आहे?"

"मी."

बाकीचे तिघं खिदळले. त्यातल्या एकानं चहाचा ग्लास मागं पियानोच्या झाकणावर ठेवला. त्या झाकणावर ग्लासांची इतकी वर्तुळं उमटली होती, की गोऱ्या ड्रायव्हरांच्या दारूची कुठली आणि आपल्या साहेबांच्या चहाची कुठली, हे कुणाला सांगता आलं नसतं. माज तोच होता, पेय बदललं होतं.

"मला टेप करून अमेरिकेला पाठवायची आहे. महिन्यापूर्वी अर्ज दिलाय तुम्हाला."

"मग कर की. रविवारी क्लब बंद असतो. किल्ली घेऊन जा, दिवसभर बडव. सोमवारी सकाळी हमाल येतील." महिपतीनं पान टाकलं. "आणि सिद्धप्पाला सांग, पोरीला पियानो शिकवण्यापेक्षा एखादा फिटर बघ म्हणावं. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात ढिगानं पडलेत."

"तुमचा मुलगा आहे ना तिथं? पाच वर्षं झाली, अजून खलाशीच, नुसता हेल्पर आहे म्हणतात. तो फिटर होऊ दे आधी, मग बघू."

टेबलावर कुणी हसलं नाही. बसव्वा बाहेर पडली. आपण बोलायला नको होतं हे तिला पायरी उतरतानाच कळलं, पण वाईट वाटलं नाही. तिला बोलल्याचं वाईट सहसा वाटायचं नाही. न बोलल्याचं वाटायचं.

बसव्वाचा बाप सिद्धप्पा हत्तुरे, आता रेल्वे यार्डाचा फोरमन, कुर्डुवाडीहून बदलून सोलापूरला आला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. क्वार्टरच्या भिंतीपलीकडे मिसेस कार्व्हालो राहायची, मेल ड्रायव्हरची विधवा. आईनं दिलेली ज्वारीची गरम भाकरी पोचवायला पोर जायची आणि तासभर परत यायची नाही, कारण बाई तिला लोको क्लबात नेऊन पियानोपुढं बसवायची. बसव्वा हे नाव बाईच्या जिभेला पेललं नाही. तिनं बेसी केलं. त्याबद्दल बसव्वानं तिला कधी माफ केलं नाही, आणि तिच्याइतकं दुसऱ्या कुणाचं ऐकलंही नाही. सोळा वर्षं बाईनं तिच्या मनगटावर लाकडी रूळ मारला. लंडनच्या परीक्षा पुण्यात व्हायच्या. बापाच्या पासावर पॅसेंजरनं जायचं, परीक्षा द्यायची, रात्रीच्या गाडीनं परत. शेवटचा डिप्लोमा झाला, इकडं कॉलेजातलं बी.ए. झालं, आणि बाई मुलाकडं ऑस्ट्रेलियाला निघून गेली. जाताना एक ट्रंकभर नोटेशनची पुस्तकं, खुंट्या पिळायची लोखंडी चावी, पियानो कसा लावायचा त्याची एक वही आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा पत्ता एवढं मागं ठेवलं.

विद्यापीठाचं म्हणणं सरळ होतं. संगीताच्या मास्टर्ससाठी तीन चिजा टेप करून पाठवा. एक जुना फ्यूग, एक पूर्ण, अनेक भागांचा सोनाटा, एक गेल्या शतकातली चीज. पंधरा जानेवारीच्या आत पोचली पाहिजे. आवडली तर सप्टेंबरात बोलावू, समोर बसवून पुन्हा ऐकू.

सिद्धप्पाचं म्हणणंही सरळ होतं. करमाळ्याचे चनबसप्पा, कापडवाले, मुलासाठी दोनदा निरोप पाठवून बसले होते. "एक वर्ष दिलं तुला," सिद्धप्पा म्हणाला होता. "एक टेप. जमली तर जमली. न्हाई तर उन्हाळ्यात अक्षता. मंग साकु, बसव्वा. साकु." साकु म्हणजे पुरे. कानडीतला हा एक शब्द सिद्धप्पा उच्चारायचा तेव्हा घरात भांडंसुद्धा वाजायचं नाही.

म्हणजे एक टेप, आणि ती करायला एकच रविवार. आणि पियानो असा, की दोन उन्हाळे तो कुणी सुरात लावला नव्हता. सोलापूरच्या उन्हात माणसाचं डोकं फिरतं, तारांचं काय. पुण्याचा पियानोवाला पत्राला उत्तर देईना. शेवटी बसव्वा नवी पेठेत गेली.

नवी पेठेत बांगड्यांच्या आणि लुगड्यांच्या दुकानांमध्ये चार हात रुंद बोळकांडी होती. तिथं ज्ञानबा पेट्या दुरुस्त करायचा. देवळातली भजनी मंडळं, तमाशाचे फड, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळ्यांच्या पेट्या त्याच्या हाताखालून जायच्या. त्याच्या कानाबद्दल गावात दुमत नव्हतं. तोंडाबद्दलही नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो क्लबात आला. सत्तरीचा, काटकुळा, कानावर विडी, काखेत सूरपेटी. सूरपेटी म्हणजे छोटा भाता. ती एकच सूर धरून बसते आणि त्या सुरावर बाकीचे मिळवायचे. ज्ञानबानं पियानोचं झाकण उघडलं, आतल्या दोनशेवर तारा पाहिल्या.

"आयला. ह्यो तर माग हाय."

"गुरुवारपर्यंत लावून पाहिजे."

"मंग गुरुवारपतुर लागंल."

बसव्वानं त्याला चावी दिली, बाईची वही पुढं केली. ज्ञानबानं वहीकडं अशी नजर टाकली, जशी एखाद्यानं उष्टं ताट पुढं केल्यावर टाकावी. "इंग्रजी हाय ती. मला येत न्हाय. आन् कानाला वाचायची गरज न्हाय." मग खुंटीला चावी लावून बघत म्हणाला, "पट्टी कंची?"

बसव्वाला बालवाडीत शिकवायला जायचं होतं, घंटा व्हायला दहा मिनिटं होती. पियानोतली एक काळी पट्टी दोन वर्षं तिच्या कानात खिळ्यासारखी रुतत होती. फुटक्या भांड्यासारखी वाजायची. ती म्हणाली, "काळी चार. मधल्या सप्तकातली."

ज्ञानबानं मान डोलावली. "बरुबर. बाईमाणसाची पट्टी."

बसव्वाच्या मस्तकात तिडीक गेली. लाकडाच्या पट्टीतसुद्धा बाईमाणूस! बिघडली की ती बाईचीच! तिनं विचारलं असतं, बाबा रे, म्हणजे काय? तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ज्याचा राग आलाय त्याला प्रश्न विचारायचा म्हणजे त्याच्यापुढं वाकायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. ती पिशवी उचलून चालू लागली.

"आन् काम चालू आसताना कुनी यायचं न्हाय हितं," मागून ज्ञानबा ओरडला. "मला बोललेलं चालत न्हाय."

"मलाही नाही," बसव्वा म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी क्वार्टरच्या दारात खुंट्या पिळायची चावी परत आली, म्हणजे काम झालं होतं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर बसव्वा क्लबात गेली. रमीवाले बसलेले होतेच. तिनं त्यांच्याकडं पाठ केली आणि पहिली ती काळी चार दाबली. स्वच्छ. देवळातल्या घंटेसारखी. तिनं तिसरी चीज सुरू केली, गेल्या शतकातली, जिचा मुख्य सूरच काळी चार होता. पहिला सुरांचा झुबका दाबला आणि तिचे हात तिथंच थांबले.

तीन सूर होते, पण तीन ऐकू येत नव्हते. एकच काहीतरी हवेत उभं होतं, अजिबात न हलता. सोळा वर्षं ती हा झुबका वाजवत होती, पुण्याच्या चांगल्या पियानोवर वाजवला होता. तो असा कधीच उभा राहिला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या डोळ्यांचा तिला राग आला. म्हातारा हलकट आहे, पण कान आहे, असं तिनं मनात कबूल केलं आणि फ्यूगला हात घातला.

फ्यूग पांढरी दोनवर उभा होता. त्यात आधी एक आवाज एकटाच चालतो, मग दुसरा त्याच्या मागून येतो, मग तिसरा. एकटा होता तोवर ठीक चाललं. दुसरा आत आला आणि पियानो कण्हला. तिसरा आला तेव्हा इंजिनाखाली कुत्रं सापडावं तसा आवाज झाला.

रमीच्या टेबलावरून महिपती म्हणाला, "निरुपयोगी म्हटलं तर राग आला होता."

बसव्वानं ऐकलं नाही. तारा घसरल्या असतील म्हणून पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मग तिनं एकेक पट्टी पायाला धरून तोच झुबका वाजवून पाहिला. काळी चारवर स्वर्ग. काळी दोनवरही छान. पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी चार, तिन्हीकडं नरक. हे घसरणं नव्हतं. हे कुणीतरी मन लावून, एकेक तार पारखून केलेलं होतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं. गवयाच्या आणि पेटीवाल्याच्या बोलण्यात पट्टी म्हणजे बोटाखालचं लाकूड नव्हे. पट्टी म्हणजे ज्या सुराला सा धरून गायचं, तो सूर. बायका काळी चारला गातात, काळी पाचला गातात. म्हाताऱ्यानं विचारलं होतं, तुझा सा कुठला? आणि तिनं त्याला बिघडलेली पट्टी सांगितली होती. तो बिचारा तीन दिवस त्या सा भोवती अख्खा पियानो शुद्ध करत बसला होता.

बिचारा हा शब्द तिनं लगेच मनातून काढून टाकला आणि नवी पेठ गाठली.

"पुन्हा लावा," बोळकांडीच्या तोंडाशी उभी राहून ती म्हणाली. "चुकलंय."

ज्ञानबा पेटीतल्या सुराच्या पितळी जिभेला कानस मारत होता. "काय चुकलंय?"

"मला सा नको होता. ती पट्टी बिघडली होती म्हणून सांगितली तुम्हाला."

ज्ञानबानं तिच्याकडं पाहिलं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. "सोळा वर्स शिकली म्हनं! इंग्रज बाईकडं! आन् पट्टी म्हंजे काय ठावं न्हाय!"

"आणि तुम्हाला पियानो म्हणजे काय ठाऊक नाही. त्याला बारा घरं असतात. माझ्या चिजा बाराही घरांत जाऊन येतात. तुम्ही एका घरात दिवाळी केलीत आणि बाकीची पेटवून दिलीत."

"मंग? बाराच्या बारा घरांत सूर खरा कसा लागंल? न्हाय लागत. द्येवाला बी न्हाय लागत."

"खरा नकोच आहे. प्रत्येक घरात थोडा थोडा खोटा पाहिजे. सगळीकडं सारखा खोटा."

ज्ञानबानं कानस खाली ठेवली. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"पोरी, पन्नास वर्स झाली मला हितं. दारू पिऊन आलेल्या फडवाल्याला बी मी खोटा सूर लावून दिला न्हाय. तू मला हिशेबानं खोटं लाव म्हनतीस. ह्यो हात न्हाय लावनार. जा तू."

"चावी माझ्याकडं आहे. मीच लावते."

"लाव की. मला काय." तो पुन्हा पितळेकडं वळला. "एक तार जरी मिळाली तुला, तर ही मिशी काढून तुज्या हातात दीन."

शनिवारी क्लब उघडला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. बसव्वानं बाईची वही तारांवर उघडी ठेवली. वहीत सगळं लिहिलेलं होतं. दोन तारा अगदी जुळल्या की आवाज स्थिर उभा राहतो. जरा सरकल्या की त्यात लाट उठते, वाँव वाँव वाँव. आधी पाचवा सूर शुद्ध मिळवायचा, मग किंचित खाली आणायचा, सेकंदाला साधारण एक लाट येईल इतका. असं बारा पावलं चालत गेलं की बारा घरं सारखी होतात. वाचायला सोपं होतं. पण किंचित खाली आणण्यासाठी आधी शुद्ध कुठं आहे हे सापडायला हवं, आणि बसव्वाच्या हाताला ते सापडेना. चावी सुतभर फिरवावी तर सूर हातभर जायचा. तासाभरात तिनं मधलं सप्तक पार खिचडी करून टाकलं. साडेआठला एक तार तुटली आणि तिच्या हनुवटीला चाटून गेली.

"मारलंस व्हय तिला?"

दारात ज्ञानबा उभा होता. त्याची सूरपेटी पियानोवर राहिली होती. ती न्यायला तो आला होता, असं त्याचं म्हणणं. बसव्वाच्या हनुवटीवर रक्त होतं. त्यानं ते पाहिलं नाही. त्यानं तारा पाहिल्या.

"दोन आहेत अजून त्या सुराला," बसव्वा म्हणाली. "तुमची पेटी घ्या आणि जा."

ज्ञानबानं सूरपेटी उचलली. दारापर्यंत गेला. बसव्वानं पुन्हा पांढरी दोन आणि पांढरी सहा एकदम दाबल्या. म्हाताऱ्याचे खांदे वर गेले, पाठीत कुणी सुई टोचावी तसे. तो उलटा आला, सूरपेटी आपटली, तिच्या हातातून चावी हिसकावली आणि दोन दमांत ती जोडी शुद्ध करून टाकली. एकही लाट नाही.

"हितं हाय सूर. हितं! बहिरी हाईस का?"

"दिसला मला," बसव्वा म्हणाली. "आता चावी द्या." तिनं चावी घेतली, श्वास धरला आणि केसभर ढिली केली. वाँव. वाँव. सेकंदाला एक.

"आरं, बिघाडला!" ज्ञानबा ओरडला. "चांगला लावला हुता मी!"

"पुढचा लावा."

"न्हाय लावनार!"

"मग मी लावते." आणि तिनं चावी दुसऱ्या खुंटीला घातली, अशी वेडीवाकडी, मुद्दाम.

"काढ! काढ ती चावी तितनं!"

त्या दिवशी लोको क्लबात जे काम झालं त्याला काय म्हणावं हे कुठल्याच वहीत नाही. म्हातारा लावायचा, पोरगी बिघडवायची. पुन्हा म्हातारा लावायचा, पोरगी बिघडवायची. त्याला खोटं सहन होत नव्हतं आणि तिला खरं सापडत नव्हतं, त्यामुळं दोघांनाही तिथून हलता येईना. दुपारपर्यंत बसव्वाला आणखी एक गोष्ट उमगली. म्हाताऱ्याच्या शिव्यांना माप होतं. पाचवा सूर हवा तेवढा खाली आला की तो नुसता "हात् तिच्या" म्हणायचा. जास्त गेला की तिच्या खानदानावर यायचा. तिसरा सूर बरोबर तेवढा वर चढला की दातांवर दात घासायचा, आणि थोडा अधिक चढला तर उठून खिडकीपाशी जाऊन थुंकायचा. तिनं वहीत बघणं सोडून दिलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून चावी फिरवू लागली.

"माज्याकडं काय बघतीस?"

"तुम्ही थुंकलात. म्हणजे जास्त झालं. थोडं खाली घेते."

ज्ञानबाला ते कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा त्यानं तोंड गच्च मिटून घेतलं, मान फिरवली, भिंतीकडं तोंड करून बसला. पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या त्या काही त्याला लपवता आल्या नाहीत.

संध्याकाळी रमीवाले आले. अर्धा तास त्यांनी कळ काढली. मग महिपती म्हणाला, "अहो, एकच सूर किती वेळ कुटताय? हा क्लब आहे का लोहारखाना?"

"ए सेक्रेटरी," ज्ञानबा मान न वळवता म्हणाला, "पानं खेळ गप. तुला रडनं आन् गानं यकच."

"तुमचं टेबल सोमवारी येतंय," बसव्वा म्हणाली. "तोवर क्लब आमचा आहे. रविवारचा अर्ज मंजूर केलाय तुम्ही, शनिवार आम्ही मंजूर केला."

दिवे लागले तेव्हा पियानो लावून संपला होता. बसव्वानं बाराही घरांतून तोच झुबका वाजवून पाहिला. सगळीकडं सारखा. कुठं कुत्रं नव्हतं. शेवटी तिनं काळी चारवर हात ठेवला. तिथंही आता तेवढंच होतं जेवढं सगळीकडं. बरं होतं. काल हवेत जे उभं राहिलं होतं ते मात्र नव्हतं, आणि ते तिनंच स्वतःच्या हातानं मोडलं होतं. तिनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो सूरपेटी काखेत घेऊन उभा होता.

"ऐकलंस न्हवं काल?" त्यानं विचारलं.

"ऐकलं."

"मंग मर जा," ज्ञानबा म्हणाला आणि निघून गेला.

रविवारी ईश्वरप्पा आला. लग्नाकार्यात कर्णे लावणारा माणूस. त्याच्याकडं स्पूलचा टेपरेकॉर्डर होता आणि अंगात ऐट होती. आल्या आल्या त्यानं माइकमध्ये "हॅलो, हॅलो, वधूपक्षाकडील मंडळींनी" असं म्हणून बघितलं. बसव्वानं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो वाक्य पुरं न करताच गप्प झाला.

अडचण यार्डाची होती. क्लबच्या मागं रूळ, रुळांवर दिवसभर शंटिंग. सकाळी घरून निघताना सिद्धप्पानं तिच्यापुढं एक कागद टाकला होता. त्यावर शाईपेन्सिलीनं वेळा लिहिल्या होत्या. दहा वीस ते दहा बावन्न, यार्ड रिकामं. अकरा चाळीस ते बारा पाच. एक दहा ते एक तीस.

"ह्या टायमाला इंजिन येनार न्हाई," तो म्हणाला होता. "आलं तर ड्रायव्हरला मी बघतो."

"तुम्हाला तर मी जायला नकोय."

"नकोयच. पन माझ्या इंजनानं वाया गेलं असं तू जल्मभर म्हनू नये."

पहिल्या वेळात सोनाटा झाला. दुसऱ्यात फ्यूग. फ्यूगच्या मधे ईश्वरप्पाला शिंक आली. त्यानं ती शर्टाची बाही तोंडात कोंबून जिरवली, नंतर दहा मिनिटं त्याचा चेहरा जांभळा होता. तिसरी चीज काळी चारची. बसव्वानं ती वाजवली, नीट वाजवली, एकही चूक न करता, आणि वाजवताना सगळा वेळ तिला शुक्रवारचा तो झुबका आठवत राहिला. जे हाताखाली नव्हतं ते ती बोटांनी शोधत होती. एके ठिकाणी तिनं नोटेशनमध्ये लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ झुबका धरून ठेवला. मिसेस कार्व्हालोनं त्यासाठी रूळ मारला असता.

सोमवारी आठ हमालांनी पियानो बाहेर काढला. बसव्वा तिकडं फिरकली नाही. ती त्या वेळी पोस्टात परदेशी पार्सलच्या खिडकीसमोर भांडत होती. खिडकीतल्या बाबूचं म्हणणं, सिनेमाची गाणी बाहेर पाठवायला परवानगी लागते. ही सिनेमाची नाहीत, हे त्याला पटेना. शेवटी बसव्वा म्हणाली, पार्सल घेत नसाल तर मी इथंच टेप लावून ऐकवते, पाऊण तासाची आहे. मागं रांगेत बावीस माणसं होती. बाबूनं शिक्का मारला.

एप्रिलात उत्तर आलं. जागा होती. फी माफ, बदल्यात नवख्या मुलांना शिकवायचं. सप्टेंबरात समोर बसून पुन्हा वाजवायचं. ऐकणाऱ्या तिघांचे शेरेही सोबत जोडले होते. सिद्धप्पानं पत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी करमाळ्याला कार्ड टाकलं. कार्डात काय लिहिलं ते त्यानं सांगितलं नाही. बसव्वानं विचारलं नाही.

ती नवी पेठेत गेली. ऊन मी म्हणत होतं. बोळकांडीत ज्ञानबा उघडा बसून भाता चिकटवत होता.

"घेतलं मला," ती म्हणाली.

"मंग? मी काय आरती करू?"

"तुमच्या कामाचं आहे एक त्यात, म्हणून आले. नाही तर आले नसते." तिनं कागद काढला. "तिघांपैकी एकानं लिहिलंय, तिकडून येणाऱ्या टेपांमध्ये पियानो इतका व्यवस्थित लावलेला सहसा ऐकायला मिळत नाही. कुणी लावला ते कळवा म्हणतात."

ज्ञानबाचा हात डिंकातच राहिला. अपमान एवढ्या लांबून चालत येऊ शकतो हे त्याला माहीत नव्हतं.

"माजं नाव लिवायचं न्हाय," तो म्हणाला. "त्यो माजा सूर न्हाय. खबरदार."

"बरं. मी लावला असं लिहिते."

"तू?" म्हातारा ताडकन उभा राहिला. डिंकाचं भांडं कलंडलं. "तू लावलास? तुला यक तार तरी मिळवता आली हुती का गं? मी नसतो तर तितं हातभर ताराच लोंबत राहिल्या असत्या! मी लावला म्हनं!"

"मग काय लिहू? दोन्हीकडून ओरडू नका. एक काय ते सांगा."

ज्ञानबा खाली बसला. सांडलेला डिंक फडक्यानं निपटून परत भांड्यात भरू लागला. शेजारच्या दुकानात कुणीतरी बाई लुगड्याच्या रंगावरून दुकानदाराची खरडपट्टी काढत होती.

"लिव," शेवटी तो म्हणाला. "ज्ञानबानं लावला. बसव्वानं बिघाडला."

बसव्वानं पर्समधून पेन काढलं आणि तिथंच, त्याच्या फळीवर कागद टेकवून, इंग्रजीत तसंच्या तसं लिहून टाकलं.